जागतिक बँकेत काम करून गरिबी खरंच कमी करता येते, की नुसते अहवाल लिहावे लागतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. जागतिक बँकेत काम केल्याने गरिबी हटवण्याला हातभार लागतो की आयुष्य कागद रंगवण्यात जातं, ही पहिली. अर्थशास्त्रात एमए झाल्यावर तिथे शिरायचं कसं, ही दुसरी. मी तिथे पाणीपुरवठ्याच्या प्रकल्पांवर काम करतो. त्याआधी बरीच वर्षं सरकारी पाणीपुरवठा खात्यात होतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बँक स्वतः रस्ता बांधत नाही, विहीर खोदत नाही, शाळा चालवत नाही. ती सरकारला कर्ज किंवा अनुदान देते आणि काम सरकार करतं. टेंडर त्या देशाचं खातं काढतं, कंत्राटदाराचं बिलही तेच मंजूर करतं. आपण मोठ्या खरेदीला 'हरकत नाही' असा शेरा द्यायचा, हिशेब आणि काम तपासायचं, सल्ला द्यायचा आणि गाडं अडलं की मंत्रालयात जाऊन बसायचं. यश मिळतं ते दुसऱ्याच्या हातून. ज्यांना स्वतः उभं राहून काम तडीस नेण्याची ओढ असते, त्यांचा जीव इथे फार लवकर घुसमटतो. अशांनी प्रशासनात किंवा एखाद्या चांगल्या स्वयंसेवी संस्थेत जावं, असं मी मनापासून सांगतो. तिथेही गरिबीशीच लढायचं असतं आणि बरंच जवळून.

बँकेच्या दोन तिजोऱ्या आहेत, आणि तुम्ही कुठल्या देशासाठी काम करता यावर तुमचा दिवस कसा जाईल हे ठरतं. 1944 साली अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत जी ठरली ती आयबीआरडी, म्हणजे आंतरराष्ट्रीय पुनर्रचना आणि विकास बँक. ती बाजारात रोखे विकून पैसा उभा करते आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना बऱ्यापैकी स्वस्त दराने देते. दुसरी आयडा, म्हणजे आंतरराष्ट्रीय विकास संघटना, 1960 ची. ती सर्वांत गरीब देशांना बिनव्याजी किंवा नाममात्र व्याजाने पैसे देते, कर्जात बुडू लागलेल्यांना निव्वळ अनुदान देते, आणि तिच्यात दर तीन वर्षांनी सदस्य देश नव्याने भर घालतात. भारत एकेकाळी आयडाचा सर्वांत मोठा कर्जदार होता. 2014 मध्ये तो त्या यादीतून बाहेर पडला आणि आता स्वतः तिच्यात पैसे घालतो. मध्यम उत्पन्नाच्या देशात अर्थखात्याचा अधिकारी तुम्हाला पहिल्याच बैठकीत विचारतो, पैसा आम्हाला दुसरीकडेही मिळेल, तुम्ही वेगळं काय आणलंय? आयडाच्या देशात प्रश्न उलटा असतो. तिथे सगळ्या देणगीदारांच्या सगळ्या पथकांना तेच तीन-चार जाणते अधिकारी सांभाळत असतात, आणि त्यांचा वेळ हीच त्या देशातली सर्वांत दुर्मिळ गोष्ट असते. तो वाया घालवू नये, हे शिकायला मोठमोठ्या पदवीधरांना वेळ लागतो.

प्रकल्पाचा प्रवास असा: संकल्पना टिपण, मग मूल्यमापन, मग सरकारशी वाटाघाटी, मग 25 कार्यकारी संचालकांच्या मंडळापुढे मंजुरी. यात पूर्वी सरासरी 19 महिने जायचे. 2023 मध्ये अजय बंगा अध्यक्ष झाल्यापासून तो वेळ कमी करण्याचा धोशा लागला आहे आणि तो कमी झालाही आहे. बँकेचं आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं, म्हणून मे-जूनमध्ये मंजुरीसाठी आलेल्या प्रकल्पांची झुंबड उडते. मंजुरीच्या दिवशी सगळीकडून अभिनंदन होतं. खरं काम मात्र त्यानंतर पाच-सहा वर्षं चालतं, आणि त्याचा गाजावाजा होत नाही. हे माझं एकट्याचं मत नाही. 1992 मध्ये बँकेच्याच वापेनहान्स अहवालाने हे दुखणं नेमकं पकडलं होतं: संस्थेचा जीव कर्ज मंजूर करण्यात गुंतलेला आहे, त्यातून काय निपजतं याकडे लक्ष कमी आहे. त्यानंतर पुष्कळ बदललं. 2012 पासून तर कर्जाचा असाही एक प्रकार आहे ज्यात काय खर्च झाला यावर पैसे सुटत नाहीत, ठरलेला परिणाम दिसला आणि त्रयस्थाने तो पडताळला की सुटतात. तरीही तुम्ही तिथे गेलात तर अंमलबजावणीच्या बाजूला जा, असं मी आवर्जून सांगेन. गरिबाशी गाठ तिथेच पडते.

पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात पाहणीला गेलो होतो, तिथलं सांगतो. खात्याच्या नोंदीत ती नळयोजना पूर्ण झाली होती आणि झालीही होती: टाकी उभी, पाइप टाकलेले, नळकोंडाळी सिमेंटची, नीटनेटकी. कोंडाळ्यापाशी वीस लिटरचे पिवळे कॅन ओळीने मांडलेले होते आणि बायका दूर सावलीत बसल्या होत्या. रांगेत माणसांऐवजी कॅन. नळ बंद होता. पंप चालवणाऱ्या बाईंनी वही आणली. रोज पंप किती तास चालला ते त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं. एका पानापासून तास एकदम घटले होते, कारण सौरपंपाचा कंट्रोलर जळला होता आणि पंप जनरेटरवर, डिझेल मिळेल तेवढाच चालत होता. कंट्रोलर मिळावा म्हणून त्यांनी जिल्हा कार्यालयात अर्ज दिला होता, त्याची पोचही वहीत चिकटवलेली होती. जिल्ह्याला गेलो. तिथला अभियंता प्रामाणिक माणूस. त्याने अंदाजपत्रक उघडून दाखवलं. नव्या बांधकामासाठी रक्कम होती, दुरुस्तीसाठी लेखाशीर्षच, म्हणजे खर्चाचा रकानाच, नव्हता. त्याने मनात आणलं असतं तरी तो तो भाग विकत घेऊ शकत नव्हता.

दौऱ्याच्या शेवटी सरकारबरोबर एक टिपण तयार होतं, त्याला एड-मेम्वार म्हणतात. काय पाहिलं, काय ठरलं, कोणी कधीपर्यंत करायचं, हे त्यात असतं. त्यात आम्ही एक परिच्छेद घातला: देखभाल-दुरुस्तीसाठी जिल्ह्यांना स्वतंत्र लेखाशीर्ष द्यावं, सुट्या भागांचा साठा ठेवावा, ठरावीक तारखेपर्यंत. अर्थमंत्रालयाला ते पटलं नाही. दरवर्षी करावा लागणारा, म्हणजे आवर्ती खर्च एकदा सुरू झाला की कायमचा मागे लागतो, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मग त्या जिल्हा अभियंत्यानेच इतर जिल्ह्यांतल्या सहकाऱ्यांकडून बंद पडलेल्या पंपांची यादी गोळा केली, आणि त्या पडून असलेल्या बांधकामात किती भांडवल अडकलंय ते आम्ही मंत्रालयापुढे मांडलं. पुढच्या अंदाजपत्रकात लेखाशीर्ष आलं. रक्कम लहान होती, पण आली. माझं नाव त्यात कुठेही नाही आणि असायचं कारणही नाही. पण मी लिहिलेल्या सगळ्या जाडजूड अहवालांपेक्षा तो एक परिच्छेद मला प्रिय आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नातला 'नुसते' हा शब्द मला मान्य नाही. गरीब माणसाच्या आयुष्याचे कितीतरी निर्णय कागदावरच होतात. कुठल्या गावाचं नाव यादीत आहे, कुठल्या खर्चाला शीर्ष आहे, कोणाची जमीन जाणार आणि तिचं मोल कोण ठरवणार. कागद बेपर्वाईने लिहिला की माणसं चिरडली जातात. सरदार सरोवर यातलं सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे. 1985 मध्ये बँकेने कर्ज मंजूर केलं तेव्हा किती लोक विस्थापित होणार आणि ते कुठे राहणार याचा धड अभ्यासच झालेला नव्हता. नर्मदेच्या खोऱ्यातल्या लोकांनी लढा दिला, 1992 मध्ये मोर्स यांच्या स्वतंत्र समितीने बँकेला खडे बोल सुनावले, 1993 च्या मार्चमध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं, ज्याच्यापुढे प्रकल्पामुळे नुकसान झालेले लोक थेट दाद मागू शकतात. आज बँकेच्या प्रकल्पात पुनर्वसनाचा आराखडा तयार असल्याशिवाय कोणाला घरातून हलवता येत नाही. त्या आराखड्याला काही सहकारी कटकट म्हणतात, तेव्हा मला राग येतो. तो त्या लोकांनी पाण्यात उभं राहून मिळवलेला आहे.

आणि चांगलं काम झालं की ते किती मोठं असू शकतं, हेही पाहा. मुख्यालयात एक पुतळा आहे: काठीचं एक टोक धरून चालणारा मुलगा, दुसरं टोक धरून त्याच्यामागे येणारा आंधळा माणूस. पश्चिम आफ्रिकेत नद्यांकाठी वाढणाऱ्या काळ्या माशीमुळे माणसं आंधळी होत, आणि सुपीक खोरी सोडून गावंच्या गावं उठून जात. 1972 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष मॅकनामारा यांनी अप्पर व्होल्टात, म्हणजे आजच्या बुर्किना फासोत, हे पाहिलं. 1974 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि इतरांसह मोहीम सुरू झाली. हेलिकॉप्टरमधून नद्यांवर अळीनाशक फवारलं गेलं, पुढे मर्क कंपनीने 1987 मध्ये औषध फुकट द्यायला सुरुवात केली आणि ते गावोगावी पोचलं. 2002 मध्ये मोहीम संपली तेव्हा अकरा देशांत मिळून सुमारे 2.5 कोटी हेक्टर जमीन पुन्हा कसण्यालायक झाली होती. जवळजवळ तीन दशकं लागली. बँकेचा वाटा त्यात मुख्यतः पैसा जुळवण्याचा आणि सगळ्यांना एका टेबलाशी टिकवून धरण्याचा होता.

एवढं मात्र खरं, की जगातली गरिबी घटली त्याचं श्रेय बँकेने स्वतःकडे ओढू नये. सध्याची अतिगरिबीची रेषा 2025 मध्ये दिवसाला 3 डॉलर अशी ठरली, प्रत्येक देशातल्या किमतींशी जुळवून. त्या रेषेखाली आज 80 कोटींच्या आसपास माणसं आहेत. 1990 मध्ये 2 अब्जांहून जास्त होती. या घटीतला सर्वांत मोठा वाटा चीनचा, आणि तो तिथल्या शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या कष्टांचा. उरलेली अतिगरिबी आता आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला आणि युद्धाने पोखरलेल्या देशांत एकवटली आहे. तिथे सरकारच पांगळं असतं, आणि बँकेची सगळी पद्धत तर सरकारच्या हातून काम करण्याची. पुढची वीस वर्षं अवघड आहेत ती यामुळे. तुम्ही यायचं ठरवलंत तर तुमच्या वाट्याला हेच काम येईल.

आता शिरायचं कसं. प्रसिद्ध वाट म्हणजे यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम: वय 32 पर्यंत, किमान पदव्युत्तर पदवी, जगभरातून प्रचंड अर्ज आणि मोजक्या जागा. अर्ज जरूर करा, पण त्यावर आयुष्य टांगून ठेवू नका. माझ्या आजूबाजूची बरीच माणसं अल्पमुदतीचे सल्लागार म्हणून आली. त्यात वर्षाला जास्तीत जास्त 150 दिवसांचं काम मिळतं, पक्की नोकरी नसते, पण पथकप्रमुखाला तुमचं काम दिसतं. शिवाय प्रत्येक देशातल्या कार्यालयात स्थानिक भरती होते, तिकडे उगाच दुर्लक्ष होतं.

एमए झाल्या झाल्या मात्र जाऊ नका. आधी तीन-चार वर्षं एखाद्या खात्यात, जिल्ह्याच्या पातळीवर किंवा सर्वेक्षणाच्या कामात घालवा. फाइल कुठे अडते हे ज्याला माहीत आहे, त्याचा सल्ला मंत्रालयात ऐकला जातो. कुटुंब सर्वेक्षणाची कच्ची आकडेवारी स्वतः हाताळायला शिका. फ्रेंच शिका, कारण आयडाचे कितीतरी देश फ्रेंच बोलतात आणि तिथे दुभाष्यामार्फत जिल्हा अभियंत्याचा विश्वास मिळत नाही.

पगार चांगला असतो. वॉशिंग्टनला गेलात तर अमेरिकेतला तुमचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की थोड्याच अवधीत घर आवरून निघावं लागतं, मुलं शाळेत असली तरी. सध्या बऱ्याच नेमणुका मुदतीच्या असतात, तेव्हा जोडीदाराशी हे आधीच बोलून घ्या. आणि भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर बँक उमेदवाराकडून एक पैसाही घेत नाही. कोणी 'प्रक्रिया शुल्क' मागितलं तर तो भामटा आहे, त्याला उत्तरसुद्धा देऊ नका.