तांबी गुपचूप बसवली तर ती फसवणूक होईल का?

“अक्का, मी 28 वर्षांची. दोन मुली, थोरली सहाची, धाकटी तीनची. सोलापुरात अक्कलकोट रोडला युनिफॉर्मच्या कारखान्यात शर्टाला कॉलर लावते. हे टॉवेलच्या लूमवर असतात. सासूबाई बिड्या वळतात, आणि त्यांना नातू पाहिजे. ह्यांना विचारलं की एकच उत्तर, ‘बघू की, काय घाई हाय.’ स्वभावानं वाईट नाहीत, हात उचलत नाहीत, पण आईपुढं बोलत नाहीत. मी माला-एन गोळ्यांचं पाकीट रिळांच्या डब्यात तळाला ठेवलं होतं, ते सासूबाईंना सापडलं. दोन दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. आता म्हणतात, या वेळी दिवस राहिले की हद्दीपलीकडं जाऊन मुलगा की मुलगी ते तपासून घेऊ. माझं रक्त 8 वर आलंय. गुपचूप तांबी बसवली तर चालेल का? नवऱ्याची सही लागते का? आणि ही त्यांची फसवणूक तर नाही ना?”

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन प्रश्न विचारलेस, पण खरा तिसराच आहे. आधी दुसऱ्याचं उत्तर देते, कारण ते सोपं आहे.

सही लागत नाही. तांबीला नाही, इंजेक्शनला नाही, गोळ्यांना तर नाहीच. बाईच्या टाक्याच्या ऑपरेशनलासुद्धा सरकारी नियमाप्रमाणे नवऱ्याची संमती लागत नाही, तिची स्वतःची लागते. गर्भपाताच्या 1971 च्या कायद्यातही 18 वर्षांपुढच्या बाईची एकटीचीच संमती पुरते. तरी काउंटरवर कुणीतरी म्हणेलच, “मिस्टरांना घेऊन या.” ती तिथली सवय आहे, कायदा नाही. शांतपणे सांग, सही मी करते. तरीही नाही ऐकलं तर आशाताईला बरोबर ने. त्यांना ही सगळी माणसं आणि सगळे कागद पाठ असतात.

आता तांबी. चांगली आहे, एकदा बसवली की पाच किंवा दहा वर्षं बघायला नको. पण तुझं रक्त 8 आहे, आणि तांबीनं पहिले काही महिने पाळीत जास्त जाऊ शकतं. म्हणून आधीच सुकलेल्या अंगाला मी लगेच तांबी सुचवणार नाही. डॉक्टरांना ‘अंतरा’बद्दल विचार. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात फुकट. 2017 पासून सरकारी योजनेत आहे. यात पाळी कधी अधेमधे दिसते, पुढंपुढं कमी होते किंवा थांबते, आणि तुझ्यासारखीला ते बरंच. थांबली म्हणजे अंगात काही साठतंय, असं नाही. बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला सात ते दहा महिने लागतात, तेवढं ध्यानात ठेव. बीपी बघून देतात. पुढच्या तारखेचं एक कार्ड मिळतं. ते मात्र रिळांच्या डब्यात ठेवू नकोस, माहेरी तुझ्या आईकडं ठेव.

आणि आता तो तिसरा प्रश्न.

सासूबाईंपासून लपवणं ही फसवणूक कशी होईल, ते मला कळलेलं नाही. तुझ्या गर्भाशयाचा हिशेब त्यांच्याकडं कधी दिला होता? नवऱ्याचं थोडं वेगळं आहे, ते तुझ्याबरोबर राहतात. पण बघ, त्यांनी ‘नको’ म्हटलेलं नाही, ‘हो’ही म्हटलेलं नाही. “बघू की” म्हणजे काय? तर तू दर महिन्याला पाळीची वाट बघत जीव मुठीत धरायचा आणि त्यांनी आईपुढं न बोलता दिवस काढायचे. त्या न बोलण्याची किंमत तू 8 वरच्या रक्तानं भरतेस. म्हणून माझं मत जरा उलटं आहे. आधी बोल, मग दवाखान्यात जा, असं मी सांगत नाही. आधी दवाखान्यात जा. त्या तीन महिन्यांत तुला भीती नसेल, मग बोलताना आवाज चिरकणार नाही. आणि बोलशील तेव्हा परवानगी मागू नकोस, सांग. “मी इंजेक्शन घेतलंय, कारण मला अजून एक बाळंतपण झेपणार नाही.” हे वाक्य मशिनीवर बसल्याबसल्या मनात चार वेळा म्हणून बघ. कॉलरची शिलाई वाकडी गेली तरी चालेल.

हात उचलत नाहीत म्हणालीस, म्हणून हे सांगते. हे वाचणाऱ्या ज्या बायकांच्या घरी तसं नाही, त्यांनी सांगायच्या फंदात पडू नये. आधी आपला जीव. बायकांच्या मदतीसाठीच्या 181 या नंबरला फोन लावता येतो.

अशी तू एकटी नाहीस. केनिया, इथिओपियासारख्या देशांत बायका इंजेक्शनच जास्त घेतात, आणि त्याचं एक कारण अगदी तुझंच आहे, की ते घरात सापडत नाही. नको असताना राहिलेले दिवस जगभरात वर्षाला सुमारे 12 कोटी, एकूण दिवस राहण्याच्या जवळजवळ निम्मे. 1994 मध्ये कैरोत लोकसंख्येच्या परिषदेला 179 देश बसले आणि लोकसंख्येच्या आकड्याआधी बाईला काय हवं ते विचारा, असं कागदावर आलं. कागदावर आलं म्हणते, कारण तुझ्या घरापर्यंत ते अजून पोचायचंय.

पलीकडं जाऊन तपासणं. हे ऐकूनच पोटात गोळा आला. लिंगतपासणी हा गुन्हा आहे, इकडं महाराष्ट्रात आणि हद्दीच्या पलीकडंही, कायदा सगळ्या देशाला एकच. आणि सासूबाईंना हेही कळू दे की अशा प्रकरणात सासरच्यांनीच बाईला भाग पाडलं, असं कायदा धरून चालतो. मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, हे तर आता शाळेतली पोरंही सांगतील. तुझ्या थोरलीला चार-पाच वर्षांनी आजीला समजावू दे.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, मी सांगते. पाळणा थांबवायचा म्हटला की तू आणि तूच का? आपल्या देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ऑपरेशन झालेल्या बायका 37.9 टक्के आणि पुरुषाच्या नसबंदीवर विसंबलेली जोडपी 0.3 टक्के. शंभरात एकसुद्धा नाही! शेजारच्या भूतानमध्ये आणि तिकडं कॅनडात हे उलटं, तिथं पुरुषच पुढं होतात. आपल्याकडच्या भीतीला कारणही आहे. आणीबाणीत एका वर्षात 60 लाखांहून जास्त पुरुषांची नसबंदी झाली, कित्येकांना धरून नेलं. माझे काका तेव्हा मिलमध्ये होते, 1976 साली त्यांचीही झाली. मिलची पाळी सुटली की गेटबाहेर लोक टाळ्या वाजवून चिडवायचे. काका मान खाली घालून सायकल हाणायचे. त्यानंतरही वीस वर्षं सुताची बोचकी त्यांनीच उचलली, आणि सत्तरीतसुद्धा गड्ड्याच्या यात्रेत नातवाला खांद्यावर घेऊन फिरले. ताकद जाते म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. आताची बिनटाक्याची असते, जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड काम आणि सायकल नको. तीन महिने मात्र निरोध वापरायचाच, मग तपासणी करून खात्री करायची. बुडालेल्या मजुरीसाठी सरकार पैसे देतं, तेही बाईपेक्षा पुरुषाला जास्त.

पण हे लगेच नको. कायमचं ऑपरेशन, त्यांचं असो की तुझं, घरात चिडचिड चालू असताना ठरवू नये. इंजेक्शन सुरू होऊ दे, रक्त वर येऊ दे. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी, लूम बंद असताना, पोरी झोपल्या की विषय काढ.

सासूबाईंवर फार राग धरू नकोस, असं सांगायला मला जड जातंय, पण सांगते. ज्या बाईनं सुपातली तंबाखू आणि हजार बिड्यांचा हिशेब यात जन्म काढला, तिला म्हातारपणी कोण बघणार ही धास्ती असते. तिला नातू म्हणजे पेन्शन वाटते. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा तिच्या पीएफचे आणि पेन्शनचे कागद एकदा बघून दे. कार्डधारक बिडी कामगारांना ते मिळतं, आणि निम्म्या जणींचे कागद ट्रंकेत कुजतात.

आता कामाचं. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत दवाखान्यात जायचं, म्हणजे इंजेक्शनचा गुण लगेच येतो. लोहाच्या गोळ्याही तिथंच मागून घे. गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे. आणि कारखान्यातला चारचा चहा तुला सुटणार नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा गोळी रात्री जेवणानंतर.

— अक्का