सशाच्या आजारपणासाठी कर्ज काढावं का?

प्रश्न: आमचा ससा 4 वर्षांचा आहे, वजन 1 किलो 800 ग्रॅम. गेल्या आठवड्यात शेजारच्या खोलीतून धाडकन आवाज आला. जाऊन पाहिलं तर तो मागचे दोन्ही पाय ओढत होता. एक्स-रेमध्ये मणका मोडलेला दिसला नाही, पायात संवेदना आहे असं डॉक्टर म्हणाले. वेदनाशामक औषध आणि 6 आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती सांगितली आहे. दवाखान्यात 6 आठवडे ठेवलं तर आमचा 3 महिन्यांचा घरखर्च होईल एवढं बिल येईल. एमआरआय करायचा तर 1 महिन्याचा. घरी केलं तर 15 दिवसांच्या घरखर्चात भागेल. आमचा आकस्मिक निधी 5 महिन्यांचा आहे, मुदत ठेवीत. पतींचं कंत्राटी काम 4 महिन्यांनी संपतंय. एवढ्या पैशात कितीतरी ससे येतील, असं ते म्हणतात. मला ठेव मोडायची नाही, म्हणून कर्ज काढून त्याला दवाखान्यात ठेवावं असं वाटतं. घरी माझ्या हातून काही चुकलं तर? की बिनपगारी रजा घेऊ?

उत्तर: ससा घरीच ठेवा. कर्ज काढू नका. ठेवीतला 1 महिन्याच्या घरखर्चाएवढा भाग मोडा आणि वेगळ्या खात्यात ठेवा. घरच्या शुश्रूषेला त्यातला अर्धा लागेल. उरलेला अर्धा कशासाठी, ते पुढे सांगतो.

आधी पतींच्या बोलण्याबद्दल. नवा ससा केवढ्याला येतो यावरून या सशावर किती खर्च करावा हे ठरत नाही. घरातलं जनावर दुखण्यात पडलं की त्याचं दुखणं कमी करणं ही आपली जबाबदारी असते, आणि अंदाजपत्रकात ती जबाबदारी म्हणूनच लिहायची, हौस म्हणून नाही. पण त्यांच्या बोलण्यामागची काळजी खरी आहे. काम संपल्यावर पुढचं मिळेपर्यंत घर चालवायला निधी लागणार. 5 महिन्यांतून दवाखान्याचे 3 गेले तर 2 उरतात, आणि ज्या घरात एक उत्पन्न थांबायच्या बेतात आहे तिथे 2 महिने फार कमी. 1 महिना काढला तर 4 उरतात. मी तुमच्या जागी असतो तर 4 च्या खाली गेलो नसतो. हे गणित त्यांच्यासमोर मांडा. तुम्ही दोघं वाटता तितके एकमेकांच्या विरोधात नाही आहात.

ठेव मोडायला मन धजत नाही, हे मी रोज पाहतो. तरी हिशेब करा. वेळेआधी मोडलेल्या ठेवीवर थोडं व्याज जातं, एवढंच. वैयक्तिक कर्जाचा दर ठेवीच्या दरापेक्षा बराच जास्त असतो. म्हणजे आपलाच पैसा कमी व्याजावर पडून राहतो आणि आपण दुसऱ्याचा महाग पैसा वापरत बसतो. क्रेडिट कार्डाचा विचार तर मनातही आणू नका: महिन्याला 3 टक्के ऐकायला लहान वाटतं, चक्रवाढीनं ते वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं. शिवाय कर्जाचे हप्ते नेमके पतींचं काम संपेल तेव्हाही चालूच असतील. आकस्मिक निधी अशाच वेळेसाठी बाजूला काढलेला असतो. ठेव पूर्ण मोडावी लागेल का, काही भाग काढता येतो का, तेवढं बँकेत विचारा. विम्याचाही कुणी सल्ला देईल, पण प्राण्यांचा विमा आता उतरवला तरी आधीच झालेली दुखापत त्यात सहसा धरत नाहीत.

आता एमआरआय. कुठल्याही महागड्या तपासणीआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा: हे उत्तर आल्यावर तुम्ही वेगळं काय कराल? सशांच्या कण्यावर शस्त्रक्रिया क्वचितच होते. शस्त्रक्रिया होणारच नसेल, तर एमआरआयमध्ये काहीही दिसलं तरी उपचार विश्रांती, वेदनाशामक आणि शुश्रूषा हाच राहतो. त्यात एमआरआयसाठी भूल द्यावी लागते. ब्रिटनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भूल किंवा गुंगी दिल्यानंतर मरण पावणाऱ्या कुत्र्यांचं प्रमाण 0.17 टक्के होतं, मांजरांचं 0.24 आणि सशांचं 1.39. गरज असेल तेव्हा ही जोखीम घ्यावीच लागते. नुसत्या मनाच्या समाधानासाठी घेऊ नये.

त्याऐवजी एका बऱ्याच स्वस्त तपासणीबद्दल विचारा. धाडकन आवाज आला, पण ससा पडताना कुणी पाहिलेला नाही. सशांमध्ये एन्सेफॅलिटोझून कुनिक्युली नावाचा एक सूक्ष्म परजीवी मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करतो आणि त्यानंही मागचे पाय लुळे पडू शकतात. रक्तातल्या प्रतिपिंडांची, म्हणजे त्या परजीवीशी लढायला शरीर तयार करतं त्या घटकांची, तपासणी करता येते. ती सकारात्मक आली तर फारसं सिद्ध होत नाही, कारण कितीतरी धडधाकट सशांच्या रक्तातही ही प्रतिपिंडं सापडतात. नकारात्मक आली तर मात्र ती शंका बरीचशी मिटते. संसर्गाचा संशय उरलाच तर फेनबेंडाझोल नावाचं औषध साधारण 28 दिवस देतात. या तपासणीच्या उत्तरानं उपचार खरोखर बदलू शकतो, म्हणून इथे पैसा घालायला माझी हरकत नाही.

संवेदनेबद्दलही एकदा नीट विचारून घ्या, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर उभा आहे. सशाच्या पायाचं बोट चिमट्यात धरल्यावर पाय मागे ओढला जाणं हे नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेनंही होतं. त्याला दुखलं हे कळतं ते त्यानं मान वळवली, दचकला, सुटायची धडपड केली तर. तसं झालं असेल तर मज्जारज्जूची सूज उतरल्यावर पायात पुन्हा बळ येण्याची बरीच आशा असते. तसं झालं नसेल तर आशा फार कमी होते, आणि मग माझाही सल्ला बदलतो.

तुमची खरी भीती पैशाची नाही, ‘माझ्या हातून चुकलं तर’ ही आहे. म्हणून पैसा तिथेच घाला. दवाखान्याच्या 6 आठवड्यांऐवजी तिथल्या 2-3 दिवसांचे पैसे द्या आणि त्या दिवसांत शिकून घ्या. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम 7-8 टक्के असतो, पण मागच्या पायांचे स्नायू अतिशय ताकदीचे. उचलताना ढुंगणाला आधार नसला की तो हवेत जोरात लाथ झाडतो आणि कंबरेचा मणका त्याच्याच ताकदीनं मोडतो. त्यामुळे घरातलं सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे त्याला उचलणं. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, अंग आपल्या पोटाशी टेकलेलं, आणि शक्य असेल तर आपण जमिनीवर बसलेले. ही कृती डॉक्टरांच्या देखत पुन्हा पुन्हा करून बघा. दुसरं शिकायचं ते मूत्राशय रिकामं करून देणं. त्याला स्वतःहून लघवी होत नसेल तर दिवसातून 2-3 वेळा पोटावर हलका दाब देऊन ती करवावी लागते. दाब कुठे आणि किती, हे हाताला कळायला हवं. जास्त झाला तर मूत्राशय फुटू शकतं. हे वाचून किंवा व्हिडिओ बघून शिकायचं काम नाही. या शिकवणीचे पैसे मागितले तर खुशीनं द्या.

घरखर्चाच्या यादीत पहिली वस्तू स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. ससा दुखणं लपवतो, पण वजन लपवता येत नाही. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. तुमच्या सशाच्या बाबतीत 10 टक्के घट म्हणजे 180 ग्रॅम, पण तिथपर्यंत वाट पाहायची नाही. 2-3 दिवस ओळीनं आकडा उतरताना दिसला की फोन करायचा. लेंड्यांचाही हिशेब ठेवा. दुखण्यामुळे ससा खाणं सोडतो, खाणं थांबलं की आतडी मंदावतात, आणि कणा बरा होत असतानाही ससा पोटानं दगावतो. 12 तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर रात्र असो की सुट्टी, डॉक्टरांना गाठायचं. वेगळ्या खात्यातला उरलेला अर्धा महिना यासाठी आहे. त्याला एरवी हात लावायचा नाही.

बाकी खर्च रोजचा आहे. वाळलेलं गवत भरपूर, तोंडाशी, मान न वळवता घेता येईल असं. सशांसाठी मिळणारी गवताची पूड, पाण्यात कालवून सिरिंजनं भरवायला. लघवी शोषून घेणारे पॅड आणि वर मऊ कापड, म्हणजे अंग कोरडं राहतं. ओल राहिली की लघवीनं कातडी भाजल्यासारखी सोलपटते. घाणीवर माश्या अंडी घालतात आणि 24 तासांच्या आत अळ्या बाहेर येऊ शकतात. म्हणून शेपटीखालचा भाग दिवसातून दोनदा उजेडात पाहायचाच. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. आता पाठ वळत नसल्यानं त्या तशाच चिकटून राहतील. त्या पुसून टाकण्याआधी त्याच्या तोंडापुढे धरा. बरेच ससे खातात. वेदनाशामकात मात्र काटकसर नको. ‘आज बरा दिसतोय’ म्हणून मात्रा चुकवू नका आणि माणसांची औषधं स्वतःच्या मनानं देऊ नका.

तुमच्या हिशेबात एक मोठी रक्कम राहून गेली आहे, ती म्हणजे तुमचा वेळ. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, औषध, कपडे धुणं, असं सगळं धरून सुरुवातीला दिवसाचे 3-4 तास जातील, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. त्यासाठी 6 आठवडे बिनपगारी रजा घेतली तर दीड महिन्याचा पगार जातो. तो जोडला की घरची शुश्रूषा स्वस्त राहत नाही. पहिले 8-10 दिवस शिल्लक असलेली पगारी रजा वापरा, कारण सगळ्यात जास्त लक्ष तेव्हा लागतं आणि हातही तेव्हाच बसतो. नंतर कामावर जा आणि दुपारी एक फेरी मारायला माणूस ठेवा: शक्यतो दवाखान्यातलाच सहायक, ज्याला ससे हाताळायची सवय आहे. त्याला द्यावे लागणारे तासाचे पैसे तुमच्या एका तासाच्या पगारापेक्षा कमी असतील, तोवर हा सौदा चांगला. रात्रीची पाळी पतींबरोबर वाटून घ्या. झोप मोडलेला माणूस सशाला चुकीचा उचलतो.

आणखी एक काम याच आठवड्यात करा, अवघड असलं तरी. डॉक्टरांसोबत बसून तारखा ठरवा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी काय दिसायला हवं, चौथ्याच्या शेवटी काय, आणि काय दिसलं तर थांबायचं. वेदना औषधानं आटोक्यात येत नाही, तो स्वतःहून खात नाही, जखमा भरत नाहीत, संवेदना परत येत नाही. अशा वेळी त्याला शांतपणे निरोप देण्याचा निर्णय कुणी आणि कधी घ्यायचा, हे आता ठरलेलं असू द्या. मी हे पैसा वाचवायला सांगत नाही. आधी ठरलेलं नसलं की माणूस ‘एवढा खर्च झालाच आहे’ म्हणून आणखी खर्च करत जातो, आणि तेवढे दिवस ससा सोसत राहतो. गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरायचा नाही. पुढे त्याच्या वाट्याला काय येणार आहे, तेवढंच धरायचं.

शेवटी एक शक्यता, जिचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. ससा जगेल, खाईल, लाडात येईल, पण मागचे पाय पूर्ण परतणार नाहीत. पाळीव ससे साधारण 8 ते 12 वर्षं जगतात, म्हणजे तुमच्या सशापुढे अजून 4 ते 8 वर्षं असू शकतात. लुळे पाय घेऊनही काही ससे समाधानानं जगतात. मागच्या अंगाला चाकांचा छोटा गाडा लावून फिरतातही. पण मग पॅड, सफाई, तपासण्या आणि दुपारचा माणूस हा महिन्याच्या अंदाजपत्रकातला कायमचा खर्च होतो. चौथ्या आठवड्यापर्यंत तुमच्या हातात खर्चाचे खरे आकडे असतील. त्यातून एकदाच झालेले खर्च वगळा, उरलेल्याचा महिन्याचा आकडा काढा, आणि पतींचं काम थांबलेलं असतानाही तो एका पगारात बसतो का ते पाहा. तो आकडा आणि वजनाची वही, दोन्ही मला पाठवा. ठेवीचं पुढे काय करायचं ते मग ठरवू.