‘जीवाश्म’ म्हणायला दगड हवाच का?

प्रश्न असा आहे: लॉस एंजेलिसला ला ब्रेआ इथे डांबराच्या डबक्यांतून निघालेली हाडं दगड झालेली नाहीत, ती अजून हाडंच आहेत. मग मराठीत त्यांना ‘जीवाश्म’ म्हणणं चूक नाही का? त्यापेक्षा ‘पुरावशेष’ म्हणावं का?

शंका रास्त आहे. जीव अधिक अश्म, म्हणजे दगड झालेला जीव, असंच आपण शिकलो. ‘अश्मयुगा’तला अश्म तोच आणि आयुर्वेदातल्या ‘अश्मरी’तला, म्हणजे मुतखड्यातलाही तोच. ला ब्रेआच्या हाडांत मात्र हा अश्म नाही. तिथे जमिनीतून डांबर वर झिरपतं. त्यात रुतून मेलेल्या जनावरांची हाडं डांबर मुरून तपकिरी झाली, पण मूळचं हाड टिकून राहिलं. म्हणून तर ती कित्येक वर्षं गुराढोरांची समजली गेली. १८७५ साली विल्यम डेंटन यांनी त्यांतला खंजिरासारखा एक सुळा नामशेष झालेल्या मांजरवर्गी प्राण्याचा म्हणून ओळखला, तरी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९०१ मध्ये तेल कंपनीतले भूवैज्ञानिक विल्यम ऑर्कट यांची नजर तिकडे गेली, तेव्हा कुठे चक्रं हलली. (जाता जाता: स्पॅनिशमध्ये ‘ब्रेआ’ म्हणजेच डांबर. तेव्हा ‘ला ब्रेआची डांबराची डबकी’ हे आपल्या ‘विंध्याचल पर्वता’सारखंच झालं, अचल म्हणजे पर्वतच.)

अमेरिकेत पुराजीवांचा शोध सुरू झाला तोच मुळी अशा न-दगड हाडांपासून. व्हर्जिनियाच्या पश्चिम भागात एका गुहेत सोरा खणणाऱ्यांना मोठमोठी नखं नि हाडं सापडली. थॉमस जेफरसन यांनी १७९७ साली फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्यांवर निबंध सादर केला. त्याच्या शीर्षकात शब्द आहे तो साधा ‘हाडं’. प्राण्याला त्यांनी नाव दिलं ‘मेगालोनिक्स’, म्हणजे महानखी. त्यांना तो सिंहासारखा हिंस्र पशू वाटला होता. निघाला महाकाय स्लॉथ, म्हणजे संथ चालीच्या, झाडपाला खाणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला. एखादी प्राणिजात समूळ नष्ट होते हे जेफरसनना पटत नव्हतं, महानखी पश्चिमेच्या रानात अजून हिंडत असेल असंच ते धरून होते. राष्ट्राध्यक्ष असताना, १८०७ साली, त्यांनी शोधप्रवासी विल्यम क्लार्कना केंटकीतल्या बिग बोन लिक इथे मुद्दाम हाडं खणायला पाठवलं. या जागेच्या नावातच हाड आहे: जनावरं खारट माती चाटायला यायची ती जागा, आणि तिथे सापडणारी मॅस्टोडॉनची, म्हणजे हत्तीसारख्या नामशेष प्राण्याची, थोराड हाडं.

आता उलटं उदाहरण. १८०२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या साउथ हॅडली इथे प्लिनी मूडी या मुलाला शेत नांगरताना पावलांचे ठसे असलेला दगड मिळाला. लोकांनी ते नोहाच्या डोमकावळ्याचे, म्हणजे बायबलमधल्या महापुराच्या वेळी नोहाने तारवातून सोडलेल्या कावळ्याचे ठरवले. पुढे भूवैज्ञानिक एडवर्ड हिचकॉक यांनी त्या खोऱ्यातले असे ठसे अभ्यासले आणि ते अवाढव्य पक्ष्यांचे मानले. आज ते डायनोसॉरचे मानतात. इथे अश्म आहे, पण जीव कुठे आहे? नुसतं त्याचं पाऊल. तरी तोही जीवाश्मच.

इंग्रजी ‘फॉसिल’ला ही अडचण येत नाही, कारण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ फक्त ‘खणून काढलेलं’. १५४६ साली खनिजांचे जर्मन अभ्यासक आग्रिकोला यांनी ‘फॉसिल’ म्हणून जे वर्णिलं, त्यात मुख्यतः खनिजंच होती. आपला शब्द घडवताना त्यातला सर्वांत नजरेत भरणारा प्रकार, दगड होण्याचा, पकडला गेला. शब्द सुरेख आहे, पण वापरात तो व्युत्पत्तीच्या पुढे गेला आहे. ‘जीवाश्म इंधन’ म्हणताना खनिज तेल दगड नाही हे आपल्याला खटकत नाहीच ना?

म्हणून ला ब्रेआच्या हाडांना खुशाल जीवाश्म म्हणावं. ‘पुरावशेष’ नको, तो शब्द ऐकला की नाणी, खापरं, मूर्ती डोळ्यांपुढे येतात. काळजी घ्यायची ती ‘अश्मीभूत’ या विशेषणाची. ते खरोखर दगड झालेल्यासाठीच राखावं. अ‍ॅरिझोनात झाडांचे अख्खे ओंडके गारगोटीचे झाले आहेत, ते अश्मीभूत. ला ब्रेआचा सुळा नव्हे. आणि असा फरक पाळला, तर ‘अश्मीभूत जीवाश्म’ ही द्विरुक्ती ठरत नाही.