वाचकांचे प्रश्न : नवस आईचा, जावळ बाळाचे

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत नोकरी करतो. देवावर माझा विश्वास नाही आणि लग्न ठरतानाच मी हे पत्नीला स्पष्ट सांगितले होते. ती श्रद्धाळू आहे, तरी ‘तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी’ असे ती म्हणाली आणि तीन वर्षे तसेच चालले. आमचा मुलगा आता ११ महिन्यांचा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला होता. तो बरा झाल्यावर आईने सांगितले की, त्याचे जावळ सौंदत्तीच्या डोंगरावर काढू असा नवस तिने यल्लम्माला बोलला आहे. पत्नीही तिच्याच बाजूची आहे. मी नाही म्हणालो तेव्हा आई म्हणाली, ‘कशाला असं करायलास रे? त्या धारवाडच्या सरांचं काय झालं ठाऊक आहे न्हवं?’ वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी पिंड ठेवण्यास नकार दिला, तेव्हापासून धाकटा भाऊ माझ्याशी बोलत नाही. ‘धर्म सोडलास, आता जमिनीत वाटा मागू नकोस,’ असेही तो म्हणाला. मी काय करावे?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : आधी जमिनीचे, कारण ते थोडक्यात संपते. हिंदू आई-वडिलांच्या पोटी जन्मलेला, त्याच घरात वाढलेला आणि दुसरा कोणताही धर्म न स्वीकारलेला माणूस देव मानत नसला तरी कायद्याच्या दृष्टीने हिंदूच राहतो. आपण संध्याकाळी देवापुढे दिवा लावता की नाही, हे १९५६ चा हिंदू वारसा कायदा विचारत नाही. पिंड न ठेवल्याने उताऱ्यावरचे नाव कमी होत नाही. भावाचे ते वाक्य रागाचे आहे, हक्काचे नाही, म्हणून त्याला वकिलाच्या नोटिशीने उत्तर देण्याची घाई करू नये.

त्याच्या रागाला मात्र थोडे कारण आहे, असे आपले पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटते. आपण नकार दिला तो पाटावर बसल्यावर, की आदल्या आठवड्यात घरी, हे आपण लिहिलेले नाही. पण भटजी समोर, दर्भ हातात आणि सोयरे ओसरीवर अशा वेळी तो दिला असेल, तर भावाला आपली नास्तिकता दिसलीच नसणार, चारचौघांत झालेली फजिती तेवढी दिसली असणार. नकार आपला हक्काचा होता. श्राद्धाचा संकल्प स्वतःच्या तोंडाने उच्चारायचा असतो आणि ज्यावर विश्वास नाही ते उच्चारायला लावणे योग्य नाही. पुढच्या वर्षी हे आधीच सांगावे, विधी भावाने करावा, निम्मा खर्च आपण द्यावा आणि पंगत वाढायला उभे राहावे. वाढण्यासाठी श्रद्धा लागत नाही.

आता नवसाकडे येऊ. पिंडाच्या वेळी बोलायचे आपल्याला होते, नवस मात्र बोलून झाला आहे आणि तो आईने बोलला आहे. बाळाला धाप लागलेली असताना आपल्याला निदान दवाखान्यात धावता आले. सत्तरीकडे झुकलेल्या बाईच्या हातात तेव्हा फक्त तो शब्दच होता. तो शब्द पाळण्याची तिची धडपड ‘खुळचट’ म्हणून मोडीत काढली, तर ती देवीपुढे खोटी पडते आणि आपल्याला त्यातून काहीच मिळत नाही. म्हणून माझे मत असे की, आपण सौंदत्तीला जावे. हात जोडू नयेत, कपाळाला भंडारा लावून घेऊ नये, ‘उदो गं आई उदो’ म्हणू नये. आई परडी भरत असेल तेव्हा बाळाला कडेवर घेऊन बाजूला उभे राहावे. हे जाण्यापूर्वी घरीच सांगून ठेवावे, म्हणजे डोंगरावर कोणी आपला हात धरून ओढणार नाही.

एका गोष्टीबाबत मात्र आग्रह धरावा. बाळाची छाती नुकतीच सुधारली आहे, तेव्हा मार्गशीर्ष किंवा माघ पौर्णिमेच्या यात्रेत त्याला नेऊ नये. त्या दिवसांत डोंगराच्या वाटेवरच्या जोगुळभावीपासूनच माणसांची दाटी आणि भंडाऱ्याची धूळ असते. मंगळवार-शुक्रवार टाळून साधा दिवस निवडावा, डॉक्टरांना आधी विचारावे आणि न्हाव्याने नवे पाते आपल्यासमोर उघडले तरच बाळाच्या डोक्याला हात लावू द्यावा. आईला यात देवीचा अपमान वाटणार नाही, कारण ही नातवाची काळजी आहे आणि त्या भाषेत तिच्याशी बोलता येते.

आपली अस्वस्थता मला पोकळ वाटत नाही, हेही सांगतो. याच देवीच्या नावाने या भागातल्या मुली सोडल्या जात होत्या आणि ती प्रथा मोडण्यासाठी कर्नाटकाला १९८२ मध्ये देवदासी प्रतिबंधक कायदा करावा लागला. तेव्हा डोंगरावर एखाद्या जोगतिणीने बाळाच्या गळ्यात काही बांधू म्हटले, किंवा घरात कोणी औषध थांबवून अंगाऱ्यावर ठेवू म्हटले, तर तिथे आपण आडवे पडावे. जावळ कापणे आणि मूल देवाला वाहणे यांत अंतर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी स्वतः देव मानला नाही, तरी लोकांच्या देवाला विरोध हा आपल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा कार्यक्रम केला नाही. त्यांचा विरोध देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आणि शोषणाला होता. रेघ ओढायची तर ती तिथे ओढावी.

धारवाडच्या सरांविषयी आई जे बोलली, त्याला आपण बहुधा धमकी समजलात. ते सर म्हणजे अंधश्रद्धांवर टीका करणारे कन्नड संशोधक डॉ. एम. एम. कलबुर्गी. त्यांना ३० ऑगस्ट २०१५ रोजी सकाळी त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्या दोन वर्षे आधी पुण्यात दाभोलकर गेले होते आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत कोल्हापुरात गोळ्या लागून गोविंद पानसरे गेले होते. बेळगावात बसून या तिन्ही बातम्या ऐकलेल्या आईला ‘माझा मुलगाही असेच बोलतो’ एवढेच ऐकू आले असेल. तिच्या त्या वाक्यात यल्लम्मा नाही, आपण आहात.

इथेच एक आठवण सांगतो. बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानात ६ डिसेंबरला अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम होतो, इथले राजकीय नेते सतीश जारकीहोळी यांनी सुरू केलेला. लोक तिथे जेवतात, काही जण रात्रही काढतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही मोठ्या रुबाबात जेवलो होतो. त्याच महिन्यात मावशीने डोंगरावरून आणलेले कडबू पुढे केले आणि मी पाहुण्यांसमोर ‘प्रसाद घेत नाही’ म्हणून ताट सरकवले. मावशी काही बोलली नाही. तिने ताट शेजारच्या मुलाला दिले आणि पुढे कित्येक वर्षे, साध्या दिवशीसुद्धा, मला ‘जेवून जा’ म्हटले नाही. ते कडबू गुळाचे होते आणि मला भूक लागली होती.

पत्नीशी बोलणे राहिले आहे आणि खरे काम तेच आहे. लग्नापूर्वीचा आपला करार दोघांचा होता, त्यात मूल नव्हते; तेव्हा ‘मी आधीच सांगितले होते’ हे वाक्य आता पुरणार नाही. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदातले सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आपल्याला आहे तसेच तिलाही आहे. आजारपणात औषध आधी, ‘देवी कोपेल’ असे बाळाला भय घालायचे नाही, आणि तिच्या पूजेची चेष्टा आपण त्याच्यासमोर करायची नाही, एवढे आताच ठरवून घ्यावे. तीन-चार वर्षांत तो विचारेल की बाबा हात का जोडत नाहीत. त्या वेळी ‘मला पटत नाही, आईला पटते’ असे दोघांनीही एकाच सुरात सांगता आले पाहिजे.

प्रश्न : मी मराठा आणि तो लिंगायत आहे. दोघेही नास्तिक असल्याने आम्हाला कोणताही विधी नको, पण असे लग्न केल्यास वडिलोपार्जित संपत्तीवरचा हक्क जातो असे ऐकले. खरे काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करावे, त्यात होम, सप्तपदी काहीच लागत नाही. आपण ऐकलेले पूर्ण खोटे नाही, कारण या कायद्याने लग्न करणारा हिंदू एकत्र कुटुंबातून वेगळा धरला जाईल असे त्यात लिहिलेले आहे; परंतु १९७६ च्या दुरुस्तीनंतर वर-वधू दोघेही हिंदू असतील तर ते लागू होत नाही, आणि या व्याख्येत लिंगायतही येतात. नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाचे त्या हद्दीत किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते आणि लग्न नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमोर होते. ती नोटीस कार्यालयात उघडी लावली जाते, तेव्हा घरच्यांना ती भिंतीवरून कळण्याआधी आपण स्वतः सांगितलेले बरे. उपनिबंधक कार्यालयातले कागद कन्नडमध्ये असतात. सही करण्यापूर्वी आपल्या जोडीदाराकडून नीट वाचून घ्या.