‘सपोज’ असताना ‘इफ’ कशाला?

प्रश्न : सर, रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. बँकेच्या मुलाखतीचा सराव करताना मी म्हणाले, ‘सपोज इफ अ स्टॉर्म केम...’ मॅडमनी तिथंच थांबवलं. ‘समजा जर वादळ आलं’ हे मराठीत चालतं, मग इंग्रजीत का नाही? आणि ‘सपोझिंग’ वेगळं का?

उत्तर : ताई, चाळीसगाव तालुक्यात मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. दर वर्षी वर्गातली निम्मी मुलं हेच वाक्य लिहायची. ती मराठी पक्की असलेली मुलं असायची, म्हणून मला त्यांचा राग कधी आला नाही.

आपल्याकडे ‘समजा’ वाक्याच्या उंबऱ्याबाहेर बसतो. तो काढला तरी जर-तर वाक्य सांभाळून नेतात. इंग्रजीत ‘सपोज’ स्वतःच ‘जर’चं काम करतो, म्हणून शेजारी ‘इफ’ नको. ‘सपोज अ स्टॉर्म कम्स. व्हॉट विल यू डू?’ एवढं पुरतं. ‘सपोझिंग’चा अर्थ तोच, फक्त तो पुढचा प्रश्न त्याच वाक्यात जोडून घेतो. दोन्ही शोभतात ते प्रश्न विचारताना. ‘पाऊस आला तर मी थांबेन’ असं साधं सांगायचं असेल, तर सरळ ‘इफ’ वापरा.

तुमच्या वाक्यात मला जास्त खटकलं ते ‘केम’. ‘वादळ आलं तर’ यातलं ‘आलं’ दिसतं भूतकाळी, पण आपण बोलतो उद्याबद्दल, आणि ते खरंच येऊ शकतं. इंग्रजीत ‘सपोज अ स्टॉर्म केम’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हिला काही वादळ येईलसं वाटत नाही. मे-जूनमध्ये घडांनी लदलेल्या बागा एका रात्रीत आडव्या झालेल्या तुम्ही पाहिल्या असतील. तुमच्या तोंडी ‘कम्स’च हवं. ‘आलं असतं तर’ म्हणायचं असेल, तेव्हा ‘हॅड कम’.

‘सपोज’ या शब्दाचं लॅटिन मूळ ‘खाली ठेवणे’ असं आहे. विचाराखाली एक पाट ठेवायचा. तो खरा आहे असं मानायची सक्ती नाही. हे समजावताना मी मुलांना चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला नेत असे. तिथल्या पाटण गावात १२०७ सालचा शिलालेख मिळाला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ उभारला, त्याची ती नोंद. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात ‘इष्टकर्म’ नावाची रीत आहे, आधी मनाला येईल ती संख्या धरून चालायची. एका संख्येच्या तिपटीत तिची निमपट मिळवली की ७० होतात, तर ती संख्या कोणती? समजा २. तिची तिप्पट ६, निमपट १, बेरीज ७. हवेत ७०, म्हणजे दहापट, उत्तर २०. धरलेले २ चुकीचे आहेत हे आधीच ठाऊक असतं, तरी त्यांच्याशिवाय उत्तर हाती येत नाही. ‘सपोज’ म्हणजे ते २, ताई.

उच्चारात ‘ज’ ‘जवळ’मधला घ्या, ‘जीवन’मधला नको. आणि एक : ‘आय सपोज सो’ ही अट नव्हे. ते नाइलाजानं दिलेलं ‘असेल बुवा’ आहे. मुलाखतीत कुणी विचारलं, ‘खेड्यातल्या शाखेत काम कराल का?’ तर ते चुकूनही म्हणू नका. ‘येस, सर’ म्हणा.