पहिल्या पावसाचे काळे पाणी: आधी चेंबर उघडून पाहा

पुण्यातील आपल्या सोसायटीमागच्या नाल्यात वळवाच्या पहिल्या सरीबरोबर काळे, फेसाळ पाणी उतरते, त्यावर सोसायटी काही करू शकते का, असे आपण विचारले आहे. निश्चित करू शकते.

पावसाळी गटार आणि मैलापाण्याची वाहिनी या वेगळ्या व्यवस्था आहेत. मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जावे अशी निदान योजना असते. पावसाळी गटारातले पाणी मात्र कोणत्याही प्रक्रियेविना नाल्यातून मुठेत आणि पुढे भीमेतून उजनी धरणात जाते. महिनोन्‌महिने पार्किंगमध्ये साचलेले ऑइल, टायरची झीज, सिमेंटची धूळ, कुत्र्यांची विष्ठा हे सारे पहिल्या काही सरींतच धुऊन निघते, म्हणून ते पाणी काळे दिसते.

फेसाचे कारण मात्र बहुधा वेगळे असते. भर एप्रिलमध्ये पावसाळी चेंबरचे झाकण उघडा. तळाशी सुका पाला आणि माती असेल तर ठीक, पाणी वाहत असेल तर ते बहुधा कोणाच्या तरी घरातले आहे. आमच्याकडे सकाळी नऊच्या सुमारास कोमट, साबणाचा वास येणारे पाणी वाहताना सापडले. एकेका बाल्कनीतल्या जाळीत हळदीचे पाणी ओतले आणि खाली चेंबरपाशी माणूस उभा केला, तेव्हा कळले की कित्येक घरांनी वॉशिंग मशिनचा पाइप पावसाच्या पाइपात सोडला होता. ही जोडणी प्लंबरकडून मैलापाण्याच्या वाहिनीत वळवून घेणे, हे पहिले काम.

पार्किंग नळीने धुऊ नका, झाडून काढा. सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाकून तो कोरडाच उचला. पार्किंगचे पाणी बोअरवेलच्या पुनर्भरणात कधीही सोडू नका, कारण ती घाण सरळ भूजलात जाते. तेथे फक्त गच्चीचे पाणी द्यावे, तेही पहिला पाऊस वगळून: 500 चौरस मीटर गच्चीवर 2 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1000 लिटर पाणी, ते बागेत सोडावे.

बागेचे वाफे बहुतेक ठिकाणी फरसबंदीपेक्षा उंच बांधलेले असतात, त्यामुळे पाणी त्यांना वळसा घालून गटारात जाते. वाफ्यांची माती पार्किंगच्या पातळीखाली आणा, कठड्याला जागोजागी खाचा पाडा. मातीत मुरणाऱ्या पाण्यातला गाळ आणि बरेचसे तेल तेथेच अडते. हे फोडकाम मात्र मे महिन्यापूर्वीच उरका, नाहीतर उकरलेली मातीच पहिल्या पावसात नाल्यात जाईल.