सफरचंदाची नवी कलमं लवकर फुलावीत म्हणून कोणतं खत द्यावं?

'एचआरएमएन-९९' या कमी थंडीत येणाऱ्या सफरचंदाच्या जातीची कलमं डिसेंबरात लावलीत आणि पुढच्याच हंगामात फुलं हवीत म्हणून खताचं वेळापत्रक मागताय. ते कृषी सेवा केंद्रात फुकट मिळतं, पैसे फक्त खताचे.

आमच्या बांधापलीकडे चुलत्यांची, म्हणजे अण्णांची, बाग आहे. जात तीच, कलमं एकाच गाडीतून उतरवलेली, पाणी एकाच विहिरीचं. अण्णांनी दुकानदाराचं ऐकून युरिया दिला, वर ठिबकमधून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत). झाडं अशी माजली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. काळीभोर पानं, सरळ आभाळात गेलेले फुटवे. मी लावताना खड्ड्यात कुजलेलं शेणखत घातलं, पावसाळ्यात थोडं गांडूळखत, बस्स. पण उभ्या फांद्या सुतळीनं ओढून जवळपास आडव्या बांधल्या. अण्णा चारचौघांत म्हणायचे, "दावं लावलंय झाडाला, उद्या धार काढायला बसेल."

पुढच्या हंगामात माझ्या वाकवलेल्या फांद्यांना फुलं लागली. अण्णांच्या झाडांच्या कोवळ्या शेंड्यांना मावा ही रस शोषणारी कीड लागली. त्यावर अण्णांचं उत्तर काय, तर "तुझी जमीन मुरमाड, म्हणून आली." अहो, मध्ये एक बांध! लग्नाकार्यात भेटलो तरी हाच विषय.

युरियातलं नत्र जास्त झालं की झाड पानाफांद्यांतच रमतं. फुलाचा डोळा (कळीचा अंकुर) आदल्या हंगामात काडीवर तयार होतो, त्यामुळे ऐनवेळी ०:५२:३४ हे स्फुरद-पालाशचं खत फवारून नवा डोळा येत नाही. आणि लवकर फळणं खतापेक्षा खुंटावर, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलंय त्यावर, ठरतं. एम-९ सारख्या बुटक्या खुंटावर दोन-तीन वर्षांत फळ दिसतं (त्याला आधाराची काठी मात्र कायम लागते), बियांच्या खुंटावर कितीतरी वर्षं थांबावं लागतं. म्हणून आधी नर्सरीवाल्याला खुंट विचारा. त्याला सांगता आला नाही, तर तिथून पुन्हा काही घेऊ नका.

हां, झाडाची वाढच खुंटली असेल, जुनी पानं पिवळी पडत असतील, तर थोडं नत्र द्यावंच लागेल. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडून कोवळी पानं पिवळी होतात, तिथे युरिया ओतून उपयोग नाही. माती तपासून घ्या. आणि पहिल्या वर्षी फळं धरलीच, तर लिंबाएवढी व्हायच्या आत तोडा, नाहीतर कोवळं झाड तिथेच बसतं. अण्णांना मात्र हा प्रश्न पडला नाही.